वाघजाईच्या डोंगरावरचे चारशे फूट

“साहेब, दोनच मिनिटं. नकाशा उघडून दाखवतो,” तो दारातूनच म्हणाला.

मी मान वर केली नाही. समोर रजिस्टर होतं, हातात चहाचा ग्लास होता, आणि दारात उभा होता तो तालुक्याला लग्नाच्या शूटिंगची कामं घेणारा माणूस. त्याच्यासाठी मान वर करायची म्हणजे जरा जास्तच झालं असतं.

“ना हरकत दाखला पाहिजे ना?” मी म्हणालो. “मिळेल. नकाशाचं काय करू? भिंतीला लावू?”

इलाही मुलाणी त्याचं नाव. पंचेचाळिशीचा, अंगानं बारीक, इस्त्रीचा शर्ट. ‘मुलाणी फोटो स्टुडिओ’ असं छापलेली पिशवी खांद्याला. वाघजाईच्या यात्रेत पालखी डोंगरावर चढते, तिचं वरून चित्रण करायचं काम देवस्थाननं त्याला दिलं होतं. त्यासाठी त्यानं ड्रोन घेतला होता. जिल्ह्याचे आणि पोलिसांचे कागद झाले होते, राहिली होती फक्त आमची सही. कारण डोंगर आमच्या धावपट्टीच्या दक्षिणेला, उशाशी लागूनच.

आमची म्हणजे खरातवाडीच्या माळावरच्या विमान शिकवणाऱ्या शाळेची. तीन लहान विमानं, सोळा विद्यार्थी, एक डांबरी पट्टी आणि ऑफिसच्या गच्चीवर बांधलेली काचेची खोली. तिला सगळे रेडिओ रूम म्हणायचे. मी टॉवर म्हणायचो. हवाई दलात वीस वर्षं रेडिओवर काढून सार्जंट म्हणून बाहेर पडलो होतो, आणि त्या खोलीत बसून वर फिरणाऱ्या पोरांना वारा कुठून आहे, आसपास कोण आहे, एवढं सांगणं हे माझं काम. हुकूम सोडायचा अधिकार मला नव्हता, पण ऐट तीच होती. उंटावरून शेळ्या हाकायला मला फार आवडायचं, हे आज कबूल करतो.

“साहेब, मी तीन दिवस डोंगरावर बसून तुमची विमानं बघितली,” मुलाणी दारातूनच सांगत होता. खोलीत दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर माझी टोपी ठेवलेली होती. “सकाळी ती कालव्याच्या अंगानं फिरतात. दहा-साडेदहाला वारा फिरला की डोंगराच्या अंगानं यायला लागतात. पालखी वर पोचते अकराला. म्हणून म्हटलं—”

“मुलाणी,” मी पेन खाली ठेवलं, “तुम्ही मला वारा शिकवायला आलात?”

“नाही नाही, तसं नाही साहेब.”

“मग ऐका. विमान धावपट्टीपासून हजार फुटांवर फिरतं. तुमच्या यंत्राला परवानगी चारशे फुटांची. हजारातून चारशे गेले किती?”

“सहाशे.”

“शाब्बास. मध्ये सहाशे फूट मोकळी हवा. त्यात तुमची अख्खी वरात नाचत जाईल. अजून काही?”

“मी कुठून उडवणार ती जागा खुणेनं—”

“आकाशातच उडवणार ना? का विहिरीत?”

तो हसला. माणसं माझ्या विनोदाला हसायची, कारण सही माझ्याकडे असायची. मी दाखल्यावर सही ठोकली, शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला.

“चारशे म्हणजे चारशे. एक फूट वर गेलात तर पोलीस केस. खेळणं आहे, खेळण्यासारखं उडवा.”

“तुमचा मोबाइल नंबर मिळेल का साहेब? उडवायच्या आधी फोन करीन म्हणतो. माझाही देऊन ठेवतो.”

शाळेचे मुख्य शिक्षक कॅप्टन रणदिवे, त्यांचा नियम होता की दाखला दिला की नंबर घ्यायचा. म्हणून घेतला. फोनमध्ये नाव काय टाकलं असेल? ‘खेळणं’. तो बघत असतानाच टाकलं. त्यानं ते वाचलं.

जाताना त्यानं नकाशा माझ्या टेबलावर ठेवला. “राहू दे साहेब तुमच्याकडे. फुरसत मिळाली तर बघा,” म्हणाला. फुरसत मला भरपूर होती. मी त्या नकाशावर चहाचा ग्लास ठेवला.

दुसऱ्या दिवशी यात्रा, आणि त्याच दिवशी वैजयंता डोईफोडेचं पहिलं एकटीचं उड्डाण.

वैजयंता आमच्याकडची सगळ्यात कमी बोलणारी आणि सगळ्यात नीट उडवणारी मुलगी. वीस वर्षांची. बाप एसटीचा ड्रायव्हर, बीडकडच्या एका डेपोत. पहिल्यांदा शिक्षक विमानातून उतरतो आणि म्हणतो, जा आता एकटी, एक फेरी मार आणि ये. त्या सहा-सात मिनिटांसाठी मुलं वर्षभर मरमर करतात. परत आल्यावर त्यांच्या अंगावर बादल्यांनी पाणी ओतायची पद्धत आहे. वैजयंताचा बाप रात्रभर प्रवास करून पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. खाकी पँट तशीच, वर पांढरा शर्ट. रणदिव्यांनी त्याला माझ्याकडे पाठवून दिलं, वरून दिसेल म्हणून.

“या डोईफोडे. उभे राहा तिथं खिडकीशी,” मी म्हणालो. टोपी खुर्चीवरच होती.

“उभंच बरं साहेब. बसून बसून कंबर धरतीय आमची.” त्यानं काच पुसली, बाहेर बघितलं. “एकटीच जानार म्हना आज?”

“एकटीच. घाबरलात?”

“घाबरन्यासारखं काय. पोरगी चालवती चांगली, म्हनतेत समदे. दुसऱ्याच्या चुकीचं भ्या वाटतं, बगा. आमच्या रोडला तेच हाय. आपन कितीबी नीट चालवा.” मग त्याला बोलायला विषय सापडला. “आमचा एक नेम हाय साहेब. बावीस वर्सं झाली, एक मानूस मेला नाय माझ्या हातनं. गाडीत मागनं कुनीबी वरडलं ना, ‘थांबा थांबा’, मग म्हातारी असू द्या, बेवडा असू द्या, आधी ब्रेक मारायचा. मग इचारायचं, काय झालं.”

“आणि बेवडा उगीचच ओरडला असेल तर?”

“तर शिव्या घालायच्या. पर ब्रेक मारल्यावर.”

मी हसलो. म्हटलं, असंच चाललं असतं तर आमचं एकही विमान वर गेलं नसतं. एसटीच्या ड्रायव्हरनं मला सुरक्षितता सांगावी! आदल्या दिवशी फोटोग्राफर, आज हा. मला वाटलं, गावात माझ्याएवढा मोकळा वेळ कुणाला असेल तर तो मला अक्कल शिकवायला येणाऱ्यांना.

सकाळी वारा पूर्वेचा होता. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं आणि डावीकडं वळत चौकोनी फेरी मारतं. त्यामुळे सकाळपासून सगळी विमानं उत्तरेला, कालव्यावरून फिरत होती. रणदिवे वैजयंताबरोबर तीन फेऱ्या मारून खाली आले, चहा प्याले, विमानात पेट्रोल भरलं. साडेदहाला धावपट्टीच्या कडेची वारा दाखवणारी कापडी नळी लोंबली, हलली आणि पश्चिमेचा वारा दाखवायला लागली. आता विमानं पश्चिमेकडे तोंड करून उडणार, डावीकडे वळणार, म्हणजे दक्षिणेला. डोंगराच्या अंगानं.

मीच रेडिओवर दिशा बदलल्याचं सांगितलं. रणदिव्यांनी खालून विचारलं, “तांबवेकर, आज तो यात्रेचा ड्रोन आहे ना?”

“चारशेच्या आत आहे सर. मध्ये सहाशे फूट मोकळे.”

“ठीक.”

एवढंच. रणदिवे वैजयंताबरोबर पुन्हा एक फेरी मारून आले. अकराला दहा कमी असताना ते धावपट्टीच्या टोकाशी विमानातून उतरले, दार लावलं आणि तिला अंगठा दाखवला.

त्याच वेळी माझ्या टेबलाचा खण गुरगुरला. उड्डाण चालू असताना मी मोबाइल खणात टाकायचो. खण उघडून बघितलं. पडद्यावर नाव आलं होतं, ‘खेळणं’.

“कुनाचा?” डोईफोडेनं विचारलं.

“कुणाचा नाही. एक अतिशहाणा आहे.” मी फोन कापला.

विमान धावायला लागलं. फोन पुन्हा गुरगुरला. पुन्हा कापला. विमानानं जमीन सोडली, आणि डोईफोडेनं दोन्ही हात खिडकीच्या काचेला लावले. त्याचे ओठ हलत होते, काय म्हणत होता ते कळलं नाही. तिसऱ्यांदा खण गुरगुरला तेव्हा मी खणाकडे बघितलंसुद्धा नाही. फोन आतल्या आत वाजून बंद पडला.

“साहेब, तीनदा वाजला. उचला की,” डोईफोडे म्हणाला.

“तुमची मुलगी वर आहे आणि मी फोनवर गप्पा मारू?”

बिचारा पुन्हा खिडकीकडे वळला. बापाला आणखी काय सांगायचं असतं!

विमान डावीकडे वळलं, पुन्हा वळलं आणि डोंगराच्या बाजूनं पूर्वेकडे निघालं. हजार फुटांवर, अगदी नेमकं. चांगल्या शिकलेल्या मुलीसारखं ते दोरीत चाललं होतं. मी दुर्बीण उचलली, ती तिचं कौतुक बघायला.

विमानाच्या नाकासमोर, लांबवर, एक काळा ठिपका स्थिर उभा होता.

घार म्हणावं तर घिरटी घालत नव्हती. मी दुर्बीण डोळ्यांवर घट्ट दाबली. चार पंखे दिसले. ड्रोन, आणि विमानाच्या बरोबर उंचीवर. मी मनात पहिली शिवी मुलाणीला हासडली. चढला हरामखोर हजार फुटांवर! सांगून, धमकावून चढला. आणि शिवी पुरी व्हायच्या आतच मला डोंगर दिसला. देऊळ दिसलं, पताका दिसल्या, माणसांची रांग दिसली. रोज बघत होतो तो डोंगर. धावपट्टीपासून त्याचा माथा सहाशे फूट उंच. तो माथ्यावरून उडवणार होता. त्याचं यंत्र उंची मोजतं ते जिथून उडालं तिथून. त्याचे चारशे डोंगराच्या माथ्यापासून सुरू होत होते, आणि माझे हजार धावपट्टीपासून. सहाशे नि चारशे हजार. दुसरीतल्या पोराला येणारी बेरीज.



मी माइकचं बटण दाबलं आणि ओरडलो, डावीकडे वळ, लगेच डावीकडे वळ. पण नेमक्या त्याच क्षणी वैजयंतानं तिचं बटण दाबलं होतं. त्या जागी आल्यावर ‘मी इथं आहे’ असं रेडिओवर सांगायचं असतं, आणि ती शिकवल्याप्रमाणे सांगत होती. दोघं एकदम बोललं की रेडिओवर कुणाचंच ऐकू येत नाही, नुसती कर्कश शिटी येते. ती शिटी खोलीत भरून राहिली. माझा आवाज तिच्यापर्यंत गेला नाही. वीस वर्षांचा माझा रेडिओ, आणि जेव्हा खरोखर लागला तेव्हा शिटीच वाजली.

“काय झालं? साहेब, काय झालं?” डोईफोडे ओरडत होता.

 बटण सोडलं, पुन्हा दाबायला अंगठा उचलला. ड्रोन आणि विमान यांच्यात आता काही उरलं नव्हतं.

आणि ड्रोन पडला. वळला नाही, उतरला नाही, हलला नाही. चारही पंखे एकदम थांबले आणि तो दगडासारखा सरळ खाली गेला. क्षणभरानं विमान त्याच जागेवरून पुढे गेलं, तसंच दोरीत, तसंच हजार फुटांवर. वैजयंताला काही दिसलंही नव्हतं.

“सांगा की काय झालं!” डोईफोडेनं माझा दंड धरला.

“काही नाही,” मी म्हणालो. “छान चालवतेय.”

उतरणं इतकं सुरेख केलं तिनं की खाली पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र खुर्चीत बसून होतो.  डोईफोडे धडधड जिना उतरून खाली गेला.

मी खाली गेलो तेव्हा वैजयंता बादल्यांच्या पाण्यानं निथळत उभी होती, हसत होती, आणि तिचा बाप तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून रडत होता. रणदिवे बाजूला होते. त्यांनी धावपट्टीच्या टोकावरून सगळं बघितलं होतं. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

“तो माणूस आज आत जातो,” ते मला हळूच म्हणाले. “मी पोलिसांना फोन केलाय. किती परवानगी दिली होती तुम्ही?”

“चारशे फूट सर.”

खोटं एक अक्षर नव्हतं. असं खरं बोलायला फार हुशारी लागते, आणि ती माझ्याकडे तेवढ्या अवस्थेतही शिल्लक होती.

अर्ध्या तासात मुलाणी स्वतःच आला. मोटरसायकलवर, मागे त्याची बायको, तिच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. त्याच्या दोन्ही हातांना खरचटलं होतं. खडकातून तुकडे वेचताना लागलं असावं. गाडी स्टँडला लावून तो आधी कुणाकडे गेला असेल? वैजयंताकडे.

“तूच होतीस ना बाळ विमानात?”

“हो.”

“लागलं नाही ना काही?”

“मला? नाही. का?” वैजयंता ओल्या केसांतून त्याच्याकडे बघत राहिली.

रणदिवे मध्ये आले. “तुला अक्कल आहे का? हजार फुटांवर घेऊन गेलास? माणूस मेला असता!”

मुलाणीनं वाद घातला नाही. पिशवीतून हातात धरायचं नियंत्रक यंत्र काढलं आणि त्याचा छोटा पडदा पुढे केला. शेवटचा आकडा तिथं तसाच राहिला होता. एकशे अठरा मीटर.

“चारशेच्या आतच होतो साहेब. गर्दीच्या डोक्यावर न्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून मोकळ्या उतारावर थांबवला होता. तुमच्या अंगाच्या. माझी बायको विमानांकडे डोळे लावून उभी असते. ड्रोन वर असेपर्यंत ती दुसरीकडे बघतच नाही. ती ‘आलं, आलं’ म्हणाली. बाजूला घ्यायला वेळ नव्हता, मग पंखेच बंद केले.”

“एकशे अठरा मीटर, मग हजार फुटांवर कसा?”

“डोंगराच्या माथ्यावरून उडवला होता.”

रणदिवे थांबले. आमच्यात त्यांना बेरीज जरा लवकर यायची. “हे तांबवेकरांना सांगितलं होतं?”

मुलाणीनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं; मला रागाचा समाचार घ्यायची सवय होती.

“सांगायला आलो होतो,” तो म्हणाला.

तेवढंच. सांगितलं असं म्हणाला नाही, ऐकलं नाही असंही म्हणाला नाही. पण पेढ्याचा पुडा हातात धरून उभ्या असलेल्या डोईफोडेला मात्र राहवलं नाही. त्याला आता सगळं समजलं होतं.

“म्हंजी साहेब,” तो मला म्हणाला, “तीनदा फोन आला तो ह्यांचाच?”

 रणदिव्यांनी मला कोपरानं खुणावलं, गप्प राहा म्हणून. गप्प राहणं सोपं होतं. सगळी तयारी झाली होती, पोलीस येणार होते, कागदावर चारशे लिहिलेलं होतं, आणि समोर एक फोटोग्राफर होता ज्याला भांडताही येत नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर कुणाचंही काही बिघडलं नसतं, त्याचं सोडून.

मी जिना चढून वर गेलो. टेबलावर त्याचा नकाशा होता. उघडला. आमची धावपट्टी, कालवा, डोंगर, सगळं पेन्सिलनं काढलेलं. माथ्यावर फुलीची खूण, तिच्याशेजारी बारीक सुरेख अक्षरांत लिहिलेलं: ‘ड्रोन इथून. इथली जमीन धावपट्टीपेक्षा सहाशे फूट उंच. वारा फिरल्यावर विमान इथून जातं. साहेबांना विचारणे.’ आणि त्या ‘साहेबांना विचारणे’वर माझ्या चहाच्या ग्लासाचं गोल वळं उमटलं होतं.

तो कागद मी खाली आणला आणि सगळ्यांच्या देखत रणदिव्यांच्या हातात दिला. “काल दुपारपासून माझ्याकडे होता,” मी म्हणालो. “उघडला नाही. आज फोन आले, ते मी कापले. चूक याची नाही.”

वैजयंता माझ्याकडे बघत होती. तिच्या अंगावरून अजून पाणी गळत होतं. ती वळली आणि तिनं मुलाणीच्या बायकोच्या पायाला हात लावला. ती बाई बावरून मागे सरली. डोईफोडेनं पुड्यातला पहिला पेढा मुलाणीच्या हातावर ठेवला. माझ्याकडे पुडा आलाच नाही, आणि आला नाही ते योग्यच झालं.

रणदिव्यांनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावलं.

“रजिस्टरमध्ये हे लिहायची गरज नाही,” ते म्हणाले. “कुणाला लागलेलं नाही. पोलिसांना मी परत पाठवतो. तो बिचारा तक्रार करणार नाही. मिटलं.”

“आणि पुढच्या यात्रेला?”

“पुढचं पुढे.”

“मी लिहितो सर.”

“पेन्शन आहे ना तुम्हाला, म्हणून हरिश्चंद्र व्हायला परवडतं,” रणदिवे म्हणाले, आणि दार उघडून मला वाट करून दिली.

लिहिलं. वेळ, उंची, डोंगर, नकाशा, तीन फोन, सगळं. लिहिताना पहिल्या ओळीत सवयीनं ‘ड्रोनचालकाने मर्यादा ओलांडल्याने’ असं आलं. जन्माची सवय, हातातून जात नाही. ते खोडलं. रजिस्टरच्या पानांना आकडे असतात, पान फाडता येत नाही, त्यामुळे ती खोडलेली ओळ अजूनही तिथं असणार. पुढे वरून विचारणा झाली, शाळेला समज मिळाली, रणदिवे वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. आणि एक नियम झाला: ज्याला जवळपास ड्रोन उडवायचा त्यानं आधी रेडिओ रूममध्ये येऊन कुठून उडवणार ती जागा दाखवायची, आणि उंची धावपट्टीपासून मोजून लिहायची. मुलाणी हेच करायला आला होता. ते करायला आम्हाला त्याचा ड्रोन फुटावा लागला.

आठ दिवसांनी मी त्याच्या स्टुडिओत गेलो. गल्लीतली दहा बाय दहाची जागा. पासपोर्टच्या फोटोसाठी दोन म्हातारे रांगेत होते. काउंटरच्या मागे भिंतीवर खिळ्याला तो गोणपाट टांगलेला. मला बघताच मुलाणी उठला, ज्या खुर्चीवर बसला होता तीच उचलून माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः उभा राहिला.

“बसा साहेब.”

“नको, मी—”

“बसा. बसल्याशिवाय बोलणं होत नाही.”

मी बसलो. आयुष्यात खुर्ची एवढी कधी बोचली नव्हती. माफी मागायला वाक्यं तयार करून आलो होतो. त्यातलं पहिलं वाक्य कसंबसं म्हणालो, दुसरं तोंडातच राहिलं. शेवटी म्हटलं, “मुलाणी, मी काय करू ते सांगा. तुमचं नुकसान—”

“ड्रोनचं सोडा साहेब,” तो म्हणाला. “लेकरू वाचलं. ते काय खेळणंच होतं.”

तो हसला नाही. दोघं म्हातारे आमच्याकडे बघत होते. मी मान खाली घातली.

“एक सांगू का साहेब?” तो म्हणाला. आवाज तसाच साधा. “पुढच्या वेळी कुणी नकाशा घेऊन आला, तर आधी त्याला बसायला खुर्ची द्या. मग नाही ऐकलंत तरी चालेल.”

मग तो वळला आणि पहिल्या म्हाताऱ्याला म्हणाला, “या बाबा, हनुवटी जरा वर.”

दुसऱ्या दिवशी रेडिओ रूममध्ये गेल्यावर मी आधी दुसऱ्या खुर्चीवरची माझी टोपी उचलली.